रुळाशेजारचं फायबर हत्तीची चाहूल कशी ओळखतं?

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त आकडे नीट समजावेत म्हणून कुठेकुठे मांडणी बदलली आहे.

आजचा विषय आहे प्रकाशाचा, पण सुरुवात करू हत्तींपासून. २००९-१० ते २०२०-२१ या काळात आपल्या देशात रेल्वेची धडक बसून १८६ हत्ती मेले. ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची आकडेवारी आहे. सगळ्यात जास्त आसामात, त्याखालोखाल पश्चिम बंगालात. डिसेंबर २०२२ मध्ये ईशान्य सीमांत रेल्वेने या दोन राज्यांतल्या काही मार्गांवर एक यंत्रणा बसवली. कळप रुळांजवळ आला की नियंत्रण कक्षाला आणि स्टेशन मास्तरांना इशारा जातो, आणि तिथून लोको पायलटला. पुढे २०२३ मध्ये सुमारे ७०० किलोमीटरच्या जंगलमार्गांवर ती नेण्याची घोषणा झाली.

आता गंमत बघा. या यंत्रणेत रुळाच्या कडेला ना कॅमेरा आहे, ना मायक्रोफोन, ना दर शंभर मीटरवर एखादा सेन्सर. फोन, सिग्नल आणि डेटासाठी रेल्वे रुळांच्या कडेने जी ऑप्टिकल फायबर केबल टाकते, तीच इथे 'कान' झाली. वाटेत कुठेही वीज लागत नाही. एका टोकाला एक पेटी, आणि पुढे कित्येक किलोमीटर नुसती काच.

नुसती काच हत्तीचं पाऊल कसं ओळखते? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तराचा सारांश आधीच सांगून टाकतो: दळणवळणाच्या इंजिनिअरला फायबरमधले जे दोष नको असतात, त्याच दोषांवर सेन्सर बनवणारा जगतो.

प्रकाश वळणावरून कसा जातो?

एक सोपा प्रयोग करून बघा. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, तळाजवळ बाजूला एक छोटं भोक पाडा, पाणी भरा आणि दिवा बंद करून मोरीत ठेवा. भोकातून पाण्याची बारीक धार वाकत खाली पडेल. आता समोरच्या बाजूने, बाटलीतून आरपार, त्या भोकावर लेझर पॉइंटर धरा. (लेझर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं सांभाळा, आणि मुलांनी हे मोठ्यांसोबतच करायचं.) प्रकाश सरळ समोर जायला हवा ना? तो जात नाही. धारेबरोबर वाकतो आणि धार जिथे पडते तिथे ठिपका दिसतो.

हा प्रयोग १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला जिनिव्हात डॅनियल कोलाडॉनने करून दाखवला होता. १८५४ साली लंडनमध्ये जॉन टिंडलनेही दाखवला. कारण शाळेत आपण शिकलोय: पूर्ण आंतरिक परावर्तन. प्रकाश पाण्यातून हवेत जाताना लंबापासून दूर झुकतो. पाण्याच्या आतून तो जसजसा जास्त तिरका येऊन पृष्ठभागावर आदळेल, तसतसा बाहेर पडताना आणखी आडवा होईल. साधारण ४९ अंशांच्या पुढे गेला की त्याला बाहेर पडायला कोनच उरत नाही. मग तो सगळाच्या सगळा आत परततो. 'सगळा' हा शब्द महत्त्वाचा. घरातला आरसा प्रत्येक वेळी थोडा प्रकाश खातो. पूर्ण आंतरिक परावर्तन काहीच खात नाही, त्यामुळे ते लाखो वेळा झालं तरी चालतं.

ऑप्टिकल फायबरमध्ये पाण्याच्या जागी काच आहे आणि हवेच्या जागी, हो, तीही काचच. मध्ये गाभा, भोवती आवरण. दोन्हींच्या अपवर्तनांकात फरक किती? दूरसंचाराच्या नेहमीच्या फायबरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून तिथे क्रांतिक कोन जवळजवळ ८५ अंश येतो; म्हणजे प्रकाशाने धाग्याला जवळपास समांतरच चालायचं. बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. आणि ज्यातून प्रकाश धावतो तो गाभा फक्त ८-९ मायक्रॉनचा.

पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली लंडनमध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

किरण नाही, लाट

इथपर्यंत आपण प्रकाशाला चेंडू समजत होतो: या भिंतीवर आपटला, त्या भिंतीवर आपटला. पण गाभा ८-९ मायक्रॉनचा आणि प्रकाशाची तरंगलांबी दीड मायक्रॉनची, म्हणजे गल्लीची रुंदी जेमतेम पाच-सहा लाटांची! एवढ्या अरुंद जागेत चेंडूचं चित्र मोडतं. तिथे प्रकाशाला लाट म्हणूनच बघावं लागतं. तबल्याच्या चामड्यावर कंपनाचे ठरावीकच आकार टिकतात, तसे या गल्लीत लाटेचे ठरावीकच आकार टिकतात. त्यांना मोड म्हणतात. सिंगल-मोड फायबर म्हणजे गाभा इतका बारीक ठेवायचा की एकच आकार टिकेल. अशी वाट, जी लाटेला धरून ठेवते आणि नेते, तिला म्हणायचं वेव्हगाइड. ती गोल धाग्याचीच असायला हवी असं नाही. चिपवर कोरलेली सपाट पट्टीही वेव्हगाइड असते.

लाटेचं चित्र आलं की एक नवी गोष्ट दिसते. लाट सीमेवर तटकन थांबत नाही. गाभ्याच्या बाहेर, आवरणात, ती थोडीशी डोकावते आणि झपाट्याने विरत जाते. ती बाहेर ऊर्जा घेऊन जात नाही, पण तिथे काय आहे हे तिला 'कळतं'. दळणवळणवाल्याला हे डोकावणं नको असतं, म्हणून तो जाड आवरण घालतो. सेन्सरवाला मात्र मुद्दाम आवरण काढून टाकतो. चिपवरच्या वेव्हगाइडच्या पृष्ठभागावर एखाद्या रोगाच्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवली आणि वरून नमुन्याचा थेंब सोडला, तर ते प्रथिन येऊन चिकटल्यावर पृष्ठभागाजवळचा अपवर्तनांक किंचित बदलतो. डोकावणाऱ्या लाटेला तो फरक लागतो आणि आतल्या प्रकाशाचा वेग बदलतो. लाट बाहेर डोकावते ती मिलिमीटरच्या काही दहा-हजाराव्या भागाइतकीच, त्यामुळे वरच्या बाकीच्या थेंबाचा त्रास कमी होतो. चिकटलेलं तेवढं मोजलं जातं.

म्हणजे दोष क्रमांक एक: लाट बाहेर डोकावते. त्यातून जैविक सेन्सर मिळाला. हत्तीसाठी मात्र दुसरा दोष लागतो.

काचेत गोठलेला गोंधळ

सुरुवातीच्या फायबरमधून प्रकाश फार दूर जातच नसे. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट गाठता आली तर फायबरवरून फोन चालतील. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात ९९ टक्के प्रकाश गेला तरी चालेल, एक टक्का पोचू दे! १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ते गाठलं. काओंना २००९ साली नोबेल मिळालं. आज चांगल्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे. हिशेब केलात तर किलोमीटरमागे साधारण साडेचार टक्के प्रकाश जातो, आणि ५० किलोमीटरनंतरही दहावा हिस्सा शिल्लक असतो.

मग उरलेले साडेचार टक्के जातात कुठे? अशुद्धी काढून टाकल्यावरही एक गोष्ट राहतेच. काच वितळलेली असते तेव्हा तिचे रेणू सतत हलत असतात: इथे थोडी दाटी, तिथे थोडी विरळ. थंड होताना ही दाटी-विरळता जशीच्या तशी गोठते. प्रकाश या उंचसखल जागांवरून जाताना थोडा थोडा विखुरतो. याला रॅले विकिरण म्हणतात. आकाश ज्या कारणाने निळं दिसतं तेच हे कारण. काच कितीही शुद्ध करा, हा गोंधळ पूर्ण जात नाही.

आणि या विखुरलेल्या प्रकाशाचा एक अगदी नगण्य अंश उलट दिशेला, म्हणजे जिथून प्रकाश सोडला तिकडेच, परत येतो.

केबल दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना हे जुनंच माहीत आहे. जेसीबीने खोदताना केबल तोडली की ते पूर्ण लाइन चालत तपासत बसत नाहीत. एका टोकाला यंत्र लावतात, प्रकाशाचा एक छोटा ठोका सोडतात आणि परत येणारा उजेड मोजतात. काचेत प्रकाशाला एक मीटर जायला ५ नॅनोसेकंद लागतात, यायला आणखी ५. म्हणजे परत यायला लागणाऱ्या प्रत्येक १० नॅनोसेकंदांमागे एक मीटर अंतर. उजेड जिथे अचानक संपतो, तिथे केबल तुटली आहे. विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू यायला किती वेळ लागला त्यावरून खोली ओळखायची, तसंच.

आता हत्ती येतो

तंत्रज्ञाचं यंत्र फक्त किती उजेड परत आला ते बघतं. हत्तीच्या यंत्रणेत लेझर फार शुद्ध वापरतात, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा. मग परत येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळताना कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. हेच व्यतिकरण. प्रत्येक मीटरमधल्या काचेची गोठलेली दाटी-विरळता वेगळी, त्यामुळे प्रत्येक तुकड्याकडून येणारं उत्तरही वेगळं. अंगठ्याच्या ठशासारखं म्हणा. तुटलेली जागा शोधणाऱ्यांसाठी हा नुसता गोंगाट होता आणि तो दाबून टाकायची धडपड असे. इथे तो गोंगाटच वाचायचा आहे.

काहीही हललं नाही तर प्रत्येक ठोक्याला ठसा तोच येतो. पण रुळाशेजारी चार-पाच टनांच्या जनावराने पाऊल टाकलं तर? हत्तीच्या तळपायाला जाड गादी असते, त्यामुळे हवेत फारसा आवाज होत नाही. जमीन मात्र दबते. ते कंपन मातीतून केबलपर्यंत जातं आणि काच कणभर ताणली जाते. कणभर म्हणजे किती? समजा दहा मीटर फायबर दहा नॅनोमीटरने ताणलं, म्हणजे त्याच्या लांबीत अब्जांशाचा फरक पडला. काचेतल्या प्रकाशाची तरंगलांबी हजार नॅनोमीटरच्या थोडी वर. जाऊन-येऊन अंतरात वीस नॅनोमीटरचा फरक. तेवढ्यानं परतणारी लाट काही अंशांनी पुढे-मागे सरकते, आणि ते सरकणं मोजता येतं. या पद्धतीला डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग म्हणतात. मी आपलं 'सलग ऐकणं' म्हणतो.

किती वेगाने ऐकता येतं? ४० किलोमीटरच्या टोकाहून उजेड परत यायला ४०० मायक्रोसेकंद. तो येईपर्यंत दुसरा ठोका सोडायचा नाही, नाहीतर कुठला उजेड कुठून आला ते कळणार नाही. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २,५०० ठोके. पावलांचं कंपन मुख्यतः याच्या मानाने फार कमी वारंवारतेचं असतं, त्यामुळे एवढे ठोके भरपूर झाले. चाळीस किलोमीटरवर हजारो कान, प्रत्येक कान सेकंदाला दोन-अडीच हजार वेळा ऐकतोय, आणि मध्ये एकही तार विजेची नाही.

कान आहे, पण समज?

खरी कसोटी इथून पुढे आहे. काचेला हत्ती कळत नाही. तिला फक्त 'अमुक मीटरवर ताणलं' एवढंच कळतं. मालगाडी, ट्रॅकमन, गाईगुरं, पाऊस, शेजारच्या रस्त्यावरचा ट्रक, सगळ्यांची कंपनं एकत्र येतात. त्यातून हत्तीची चाल वेगळी काढायचं काम सॉफ्टवेअरचं. ते खऱ्या हत्तींच्या चालण्याच्या नोंदींवर तयार करावं लागतं. शिवाय केबल जमिनीत कशी बसली आहे त्यावर फार अवलंबून. मातीत घट्ट दाबलेली केबल चांगलं ऐकते. पाइपमध्ये सैल पडलेली कमी. कोरडी वाळू आणि ओली चिकणमाती कंपन सारखं नेत नाहीत. पावसाळा आला की तीच जागा वेगळं बोलायला लागते.

आणि चूक दोन्ही बाजूंनी महाग आहे. हत्ती असताना इशारा नाही गेला, तर कळप जातो आणि गाडीही घसरू शकते. हत्ती नसताना रोज चार वेळा इशारा गेला, तर 'लांडगा आला रे'ची गोष्ट होते; पाचव्या वेळी कुणी वेग कमी करत नाही. शिवाय वेळेचं गणित आहेच. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर पुढे सरकते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला तिला साधारण किलोमीटरभर लागू शकतो. केबलला हत्ती कळतो तो रुळाच्या बऱ्यापैकी जवळ आल्यावर. म्हणून प्रकाशाने वाचवलेले मायक्रोसेकंद नंतर फोनाफोनीत घालवले, तर उपयोग शून्य. इशारा माणसाच्या हातात पडून ब्रेक लागेपर्यंतची अख्खी साखळी म्हणजे सेन्सर, असं मी म्हणेन.

आपल्या पुलांचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. पूल, बोगदे, धरणं यांसाठी फायबरचा आणखी एक प्रकार वापरतात, त्यासाठी दोष क्रमांक तीन. १९७८ साली कॅनडात ओटावाला केन हिल आणि सहकाऱ्यांना दिसलं की फायबरमधून तीव्र लेझर सोडला की काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलतो. दळणवळणासाठी काच अशी बदलणं वाईटच. पण हा बदल नियमित पट्ट्यांच्या रूपात करता आला, तर त्या पट्ट्या एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतात, बाकी सगळं पुढे जाऊ देतात. याला फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ५३५ नॅनोमीटर ठेवलं तर १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश परत येतो. पूल ताणला की पट्ट्या दूर सरकतात, परतणारी तरंगलांबी वाढते. मीटरला एक मायक्रॉन ताण पडला तर फरक सुमारे ०.००१२ नॅनोमीटर. कॅनडात कॅलगरी शहरातल्या बेडिंग्टन ट्रेल पुलात १९९३ मध्येच असे सेन्सर बसवले गेले.

इथे एक फसवणूक असते. काच तापली तरी तरंगलांबी सरकते: एका अंशाला सुमारे ०.०१ नॅनोमीटर. म्हणजे एक अंश तापमानवाढ आठ मायक्रॉन ताणासारखी 'दिसते'. सकाळ ते दुपार पंधरा अंशांचा फरक पडला की सेन्सर म्हणणार, पूल ताणला! म्हणून शेजारी एक सैल ग्रेटिंग ठेवतात. त्याला फक्त तापमान कळतं. दोन्हींची वजाबाकी केली की खरा ताण उरतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसेससह काही गाड्या वाहून गेल्या. फायबर असतं तर पूल वाचला असता असं मी अजिबात म्हणणार नाही. पुरात पायाखालची माती खरवडली जाते ती पाण्याखाली, आणि ग्रेटिंग जिथे चिकटवलं आहे तिथलंच बोलतं. पण दोन गोष्टी फायबर नक्की करू शकतं. पाहणी त्या दिवसापुरती खरी असते. फायबर पुराच्या रात्रीही बघत असतं. आणि पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेला धागा तुटला, तर प्रकाश क्षणात थांबतो. त्या क्षणाला दोन्ही बाजूंना लाल दिवा आणि फाटक जोडलेलं असेल, तर मागून येणारी गाडी वाचू शकते. जोडलेलं नसेल, तर कुठल्यातरी संगणकात एक नोंद होईल, एवढंच.

जाता जाता

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रुळाशेजारची केबल ऐकू शकते, तर गल्लीत ब्रॉडबँडसाठी टाकलेली केबलही टोकाला योग्य पेटी लावली की ऐकू शकते. तुमचे मेसेज किंवा डेटा नाही, तो प्रकार वेगळा. पण गाड्या किती गेल्या, कुठे खोदकाम चाललंय, रात्री कोण कुठून चालत गेलं, याची चाहूल तिला लागू शकते. गॅसची पाइपलाइन फोडणाऱ्याला पकडायला हे फार उपयोगी. पण कोण ऐकतंय, नोंदी किती दिवस ठेवतंय आणि कुणाला देतंय, हे विचारायचा हक्क गल्लीत राहणाऱ्यांना असायला हवा. कॅमेरा निदान दिसतो तरी. काचेचा कान जमिनीखाली असतो.

तर मंडळी, आजचा भाग इथे थांबवतो. बाटलीचा प्रयोग केलात तर कळवा, आणि जमला नाही तर भोक थोडं मोठं आणि कडा गुळगुळीत करून बघा. धार फाटली की प्रकाश बाहेर पडतो. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!